दिवाळीच्या किल्ल्यात जिजाऊंचा वाडा कुठं करायचा? उत्तर सिंदखेड ते पाचाडच्या वाटेवर आहे

दिवाळीची सुट्टी लागली की अंगणात, गच्चीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किल्ले उभे राहायला लागतात. चार विटा, एक फुटकी कुंडी, जुनं पोतं आणि दोन घमेली माती. एवढ्यात डोंगर तयार. वर हळीव किंवा मोहरी टाकून पाणी शिंपडत राहिलं की चार-पाच दिवसांत झाडीही उगवते. मग बाजारातून मावळे येतात. सिंहासनावर शिवाजी महाराज, दरवाजात पहारेकरी, पायथ्याला भाजीवाली, गुहेत वाघ.

या सगळ्या गर्दीत जिजाऊ बहुतेक वेळा नसतातच. आठवण झालीच, तर त्यांची मूर्ती सिंहासनाच्या शेजारी ठेवली जाते आणि विषय संपतो.

खरं तर या किल्ल्यांवर आयुष्य काढलेलं माणूस म्हणून पहिलं नाव त्यांचंच घ्यायला हवं. त्यांनी बाळाला जन्म दिला तो शिवनेरीवर. अनेक वर्षं संसार आणि कारभार पाहिला तो राजगडावर. आणि शेवटचे दिवस काढले ते रायगडाच्या वर नव्हे, तर पायथ्याशी.

विशेष म्हणजे यातला एकही डोंगर त्यांच्या माहेरचा नव्हता. त्या आल्या होत्या आजच्या बुलढाणा जिल्ह्यातून. म्हणूनच त्यांचं आयुष्य सनावळीपेक्षा जागांच्या क्रमानं पाहिलं तर दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे छोट्या किल्ल्यात त्यांची जागा नेमकी कुठं. आणि दुसरी म्हणजे हाताशी आहे त्यातून किल्ला उभा करायची युक्ती फक्त पोरांची नाही, खऱ्या किल्ल्यांमागेही तीच होती.

सुरुवात घाटावरच्या सिंदखेडपासून

बुलढाण्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. सिंदखेडराजा घाटावर येतं, विदर्भ जिथं मराठवाड्याला टेकतो तिथं. इथं सह्याद्रीसारखे उभे कडे नाहीत. मोकळं माळरान, काळी शेतं आणि मधूनच एखादी टेकडी, असा सगळा मुलूख.

याच गावात लखुजी जाधवराव आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी जिजाऊंचा जन्म झाला. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते आणि दरवर्षी त्या दिवशी सिंदखेडराजाला मोठी गर्दी लोटते. लखुजी हे निजामशाहीतले वजनदार सरदार. देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारं त्यांचं घराणं. दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादूरजी हे जिजाऊंचे भाऊ.

जाधवरावांनी इथं काय काय बांधलं ते आजही पाहता येतं. भुईकोट राजवाडा आहे, जाड तटबंदीचा काळाकोट आहे, पायऱ्यांची आणि मूर्तींनी नटलेली पुतळा बारव आहे. मोती तलाव आणि चांदणी तलाव आहेत. यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यात पाण्याच्या जागा भरपूर आहेत. जिथं डोंगर आडवा येऊन शत्रूला थोपवत नाही तिथं जाड भिंत लागते, आणि जिथं पावसाचा भरवसा नाही तिथं तलाव लागतो. जिजाऊंनी लहानपणी पाहिलेली सत्ता अशी होती. भिंत आणि पाणी.

सिंदखेडचा देखावा छोट्या प्रमाणात करायचा झाला तर तो सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत स्वस्त. पोतं लागत नाही, विटांचा डोंगर लागत नाही. दोन फूट बाय दोन फुटांचा जुना प्लायवूडचा तुकडा किंवा पाट पुरतो. तलावासाठी जुनी ताटली मातीत कडेपर्यंत बसवायची. तटबंदीसाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलायचा, म्हणजे आतल्या उभ्या रेषा दिसतात आणि भिंतीला खडबडीतपणा येतो.

अडचण येते ती मातीची. बुलढाण्याची काळी माती ओली असताना लोण्यासारखी लागते आणि वाळली की तिला भेगा पडतात. हीच माती शेतात फाटते, तशीच पाटावरही फाटते. त्यावरचा उपाय गावात आधीच आहे. मातीच्या भिंतींचा गारा करताना लोक त्यात कुटार आणि शेण घालत आले. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालेलं असतं, त्यामुळे कुटाराचा ढीग बहुतेक शेतात सापडतो. ते बारीक करून मातीत मिसळायचं आणि रात्रभर भिजत ठेवायचं. काड्या माती धरून ठेवतात आणि भेगा कमी पडतात. खर्च शून्य.

माहेर आणि सासर समोरासमोर

जिजाऊंचं लग्न लहान वयात झालं. सासर वेरूळच्या भोसल्यांचं. मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे हेही निजामशाहीच्याच चाकरीत होते. जाधव मोठे, भोसले वर येत असलेले. एका रंगपंचमीला लखुजींनी सहज थट्टेत या दोन मुलांचा जोडा जमवला आणि मालोजींनी ते शब्द धरून ठेवले, अशी कथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते.

पण या सोयरिकीतून दोन घरांत गोडवा टिकला नाही. निजामशाहाच्या दरबाराबाहेर खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरल्याची घटना यासाठी नेहमी सांगितली जाते. हत्तीला आवरण्यावरून झटापट झाली, तिची मारामारी झाली आणि जिजाऊंचे भाऊ दत्ताजी त्यात मारले गेले. पुढं लखुजींच्या हातून शहाजीराजांचा चुलत भाऊ संभाजी ठार झाला. एका बाईचा सख्खा भाऊ आणि चुलत दीर एकाच भांडणात गेले. ते भांडण तिच्या माहेरचं आणि सासरचं होतं.

पुढं लखुजी मुघलांकडे गेले. शहाजीराजेही वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या शाह्यांकडे राहिले. त्या काळी सरदारांनी बाजू बदलणं नवीन नव्हतं, पण त्याची किंमत घरातल्या बायकांना मोजावी लागायची. वडील एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या फौजा एकाच मुलखात.

मग आलं १६२९ साल. लखुजी पुन्हा निजामशाहीत परतले होते. २५ जुलै १६२९ ला देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहाच्या दरबारात त्यांच्यावर दगा झाला. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव असे एकाच दिवशी मारले गेले. लखुजींची समाधी सिंदखेडराजातच आहे.

त्यानंतर सात महिनेही उलटले नाहीत तोवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे वडील, दोन भाऊ आणि भाच्याच्या हत्येची बातमी आली तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. दिवाळीचा किल्ला करणाऱ्याला शिवनेरी नुसता पाळण्याचा किल्ला वाटतो. त्या वेळी तो मुख्यतः आसऱ्याचा किल्ला होता.

शिवनेरी: डोंगरातूनच निघालेला किल्ला

शहाजीराजे मोहिमांवर होते, मुलूख पेटलेला होता. अशा वेळी जिजाऊंना जुन्नरजवळच्या शिवनेरीवर ठेवण्यात आलं. शिवनेरीचे किल्लेदार विश्वासराव यांच्या घराण्याशी भोसल्यांची सोयरीक होती. थोरले पुत्र संभाजीराजे यांचं लग्न त्याच घरात झालं होतं. १९ फेब्रुवारी १६३० ला इथं शिवाजी महाराजांचा जन्म झाला. गडावरच्या शिवाई देवीवरून हे नाव ठेवलं असं मानतात.

सिंदखेडच्या मोकळ्या मुलखातून आलेल्या माणसाला शिवनेरी म्हणजे वेगळंच जग. चारी बाजूंना कडे, एकामागून एक सात दरवाजे, कड्याच्या पोटात हजारो वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी, आणि वर खडकात खोदलेली टाकी. गंगा-जमुना ही त्यातली प्रसिद्ध टाकी.

ही टाकी समजून घेतली की डोंगरी किल्ल्याचं अर्थकारण कळतं. डोंगरमाथ्यावर हजारो दगड खालून वाहून न्यायचे म्हणजे प्रचंड खर्च. त्यापेक्षा वरच खडक फोडायचा. जिथून दगड निघाला तिथं खड्डा पडतो, त्यात पावसाचं पाणी साठतं, ते झालं टाकं. निघालेला दगड तटबंदीला आणि इमारतींना लागतो. एका मेहनतीत दोन कामं होतात. सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांवर हीच पद्धत दिसते.

छोटा किल्ला करतानाही हा नियम लावता येतो. डोंगराचा सांगाडा विटा, दगड, फुटक्या कुंड्या यांचा करायचा. पोतं मातीच्या पातळ गाऱ्यात बुडवून त्यावर पसरायचं, म्हणजे घड्यांच्या आपोआप सोंडा आणि घळी तयार होतात. कड्यासाठी पैसे घालवायची गरज नाही. फुटक्या कौलाचे तुकडे, चुलीतला कोळसा, वाळक्या झाडाची साल उभी खोचली की काळा कातळ दिसतो. अंडी ठेवायचे कागदी ट्रे भिजवून केलेला लगदा लावला तर खडकाचा खडबडीतपणा येतो. आणि टाक्यांसाठी माती उकरायची ती तटाला वापरायची. शिवनेरीवर हेच झालं होतं.

पुणे: रिकाम्या जमिनीवर मांडलेला डाव

१६३० च्या सुमारास पुण्याची अवस्था वाईट होती. आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानं हे गाव जाळलं आणि त्या जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवला, असं सांगितलं जातं. गाढवाचा नांगर म्हणजे इथं आता वस्ती होऊ द्यायची नाही, असा जाहीर इशारा. त्यातच १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसं मेली, गावं ओस पडली, शेतं रानात मिसळली.

१६३६ मध्ये निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीत गेले. पुणे आणि सुपे ही जहागीर मात्र त्यांच्याकडे राहिली. पुढं त्यांची नेमणूक कर्नाटकात झाली आणि त्यांचा मुक्काम बंगळूरला हलला. जिजाऊ आणि शिवाजी महाराजही काही काळ तिथं होते. त्यानंतर मायलेक पुण्याला परतले ते जहागीर सांभाळायला. थोरले संभाजीराजे वडिलांजवळ राहिले.

म्हणजे जिजाऊंना मिळालं काय, तर एक ओसाड गाव. किल्ला नाही, मोठी फौज नाही, भरलेला खजिना नाही.

इथं काय केलं गेलं, हे त्यांच्या आयुष्यातलं कदाचित सगळ्यांत महत्त्वाचं काम. राहायला लाल महाल बांधला गेला. कसबा गणपतीचं देऊळ जिजाऊंनी उभं केलं, तो आजही पुण्याचा ग्रामदेवतेचा मान सांभाळतो. पळून गेलेल्या शेतकऱ्यांना पुन्हा बोलावून पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या गेल्या. गाढवाचा नांगर फिरलेल्या जमिनीवर जिजाऊंनी शिवबांच्या हातून सोन्याच्या फाळाचा नांगर चालवला, ही आठवण याच काळाची. परंपरेनं आलेल्या या गोष्टीतलं सोनं बाजूला ठेवलं तरी अर्थ उरतो. लोकांना इथं राहायची भीती वाटत होती आणि ती भीती काढल्याशिवाय एकही वाडा उपयोगाचा नव्हता.

दिवाळीच्या किल्ल्यात पायथ्याचं गाव शेवटी, उरलेल्या जागेत होतं. जिजाऊंच्या आयुष्यात क्रम उलटा होता. आधी गाव, आधी शेत, मग गड. पुण्याचा देखावा करायचा तर त्याला डोंगर लागतच नाही. काडेपेटीची घरं, रांगोळीनं आखलेले रस्ते, आणि कंगव्यानं ओल्या मातीत ओढलेल्या नांगराच्या रेघा. त्या रेघांत मोहरी पेरली की शेतं खरोखर उगवतात.

राजगड: तीन माच्या आणि पंचवीस वर्षं

तोरणा हातात आल्यावर त्याच्याजवळच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजी महाराजांनी नवा किल्ला बांधायला घेतला. तोरण्याच्या डागडुजीत सापडलेलं धन या बांधकामाला लागलं, असं मानतात. हा राजगड. पुढची जवळपास पंचवीस वर्षं स्वराज्याचा कारभार इथून चालला आणि या काळात जिजाऊंचा मुक्काम मुख्यतः इथंच होता.

राजगडाचा आकार एकदा डोक्यात बसला की विसरत नाही. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन दिशांना फुटलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. पंख्याच्या तीन पात्यांसारखा हा आकार. किल्ला करणाऱ्यांसाठी हा सोपा नमुना आहे. मध्ये एक वीट उभी, तीन बाजूंना विटा आडव्या, वर गाऱ्यातलं पोतं. यातली पद्मावती माची सगळ्यांत रुंद. तिथं तलाव, देऊळ आणि राहती घरं. म्हणून तिच्यावर सपाट जागा जास्त सोडायची.

या गडावर जिजाऊंनी एकामागून एक काय सोसलं ते पाहायला हवं.

थोरले पुत्र संभाजीराजे कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. ५ सप्टेंबर १६५९ ला सून सईबाई राजगडावर वारल्या. तेव्हा त्यांचा मुलगा, म्हणजे पुढचे छत्रपती संभाजी महाराज, अडीच वर्षांचाही नव्हता. त्याला आजीनं वाढवलं. त्याच वेळी अफजलखान चालून आला होता आणि शिवाजी महाराज प्रतापगडाकडे होते. सईबाई गेल्यानंतर दोन महिने पाच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, खानाचा वध झाला.

पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला आणि महाराज आत अडकले. मुलाची सुटका होत नाही म्हणून साठी ओलांडलेल्या जिजाऊ स्वतः फौज घेऊन निघायला तयार झाल्या, असं वर्णन शिवभारतात येतं.

१६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरेजवळ शिकारीदरम्यान घोड्यावरून पडून गेले. जिजाऊंनी सती जायचं ठरवलं. शिवाजी महाराजांनी आणि जवळच्या माणसांनी विनवण्या करून त्यांना थांबवलं. त्या थांबल्या नसत्या तर पुढं काय झालं असतं, याचं उत्तर दोनच वर्षांत मिळालं.

१६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले. १६६६ च्या मार्चमध्ये महाराज राजगडावरून आग्र्याला निघाले, सोबत नऊ वर्षांचाही न झालेला नातू. बापलेक दोघेही औरंगजेबाच्या ताब्यात अडकले. या महिन्यांत राज्य मागं उभं होतं ते राजगडावर. किल्ल्यांची राखण, वसुली, माणसांची शिस्त, सगळं सुरू राहिलं. कारभारी मंडळी होती, पण त्यांच्या वर जिजाऊ होत्या. महाराज परत आले तेव्हा त्यांना राज्य पुन्हा उभं करावं लागलं नाही, ते जागेवर होतं.

किल्ला पणाला लावणारी आई

तहात दिलेल्या किल्ल्यांत कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन तो परत घेतला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ही मोहीम सुरू कशी झाली, याची शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातली गोष्ट भारी आहे.

त्यात जिजाऊ प्रतापगडावर आहेत. त्यांना लांबवर कोंढाणा दिसतो. त्या शिवाजी महाराजांना राजगडावरून बोलावून घेतात आणि फासे खेळायला बसवतात. डाव आई जिंकते. मुलगा जिंकणाऱ्याला हवं ते द्यायला तयार होतो आणि आई कोंढाणा मागते. इतिहासाच्या कागदांत याला आधार शोधू नये. शाहिरानं रचलेला प्रसंग आहे. पण लोकांच्या मनात जिजाऊंची प्रतिमा काय होती ते यातून स्पष्ट दिसतं. समोर छोटा पट आहे, पण बाईचं लक्ष खऱ्या मुलखावर आहे.

पटावरून मुलुख समजून घ्यायची ही कल्पना जगात इतर ठिकाणीही दिसते. युरोपात प्रशियाच्या राज्यात रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८१२ च्या सुमारास युद्धाचा खेळ तयार केला. सुरुवातीला तो वाळूत डोंगर-नद्या करून खेळायचा. राजाला दाखवायचं म्हटल्यावर त्यानं त्यासाठी खास महागडं टेबल बनवलं. पण खेळ सैन्यात पसरला तो नंतर, त्याच्या मुलानं तो साध्या कागदी नकाशावर आणला तेव्हा. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारं लिटल वॉर्स हे पुस्तक लिहिलं. त्यांची घरं पुठ्ठ्याची आणि ठोकळ्यांची, झाडं म्हणजे बागेतल्या डहाळ्या. आज जगभर मेजावर छोटे सैनिक मांडून खेळणारे लोक आहेत आणि त्यातले कित्येक जण विकतचा देखावा न घेता खोकी, फोम आणि वाळू वापरून तो घरीच करतात. त्यांचा आणि दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोरांचा प्रश्न एकच असतो. कमी पैशात मुलूख खरा कसा दिसेल?

त्याचं अर्धं उत्तर मापात आहे. बाजारातला मावळा साधारण पाच सेंटीमीटरचा धरला तर तो खऱ्या माणसाच्या तेहतिसाव्या हिश्श्याएवढा होतो. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच. त्याच मापात तो करायचा तर अंगणात २५ मीटरचा, म्हणजे आठ मजली डोंगर लागेल. ते शक्य नाही. म्हणून छोट्या देखाव्यात कायम दोन मापं असतात, माणसाचं एक आणि डोंगराचं दुसरं. दरवाजा मावळ्याच्या मापानं करायचा, डोंगर जागेच्या मापानं. मोठे मावळे खाली, लहान मावळे वर ठेवले की डोंगर आपोआप उंच भासतो.

पण डोंगर लहान करताना नेहमी एक गोष्ट कापली जाते. पायथा.

पाचाड: जिथं पोरांचा किल्ला संपतो

राजधानी राजगडावरून रायगडावर आली तेव्हा जिजाऊंनी सत्तरी ओलांडली होती. रायगडाच्या माथ्यावर कोकणातला मुसळधार पाऊस, दाट धुकं आणि सोसाट्याचा वारा. ही हवा त्यांना मानवत नव्हती. म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी गडाच्या पायथ्याशी, पाचाडला वाडा बांधला. या वाड्याचे अवशेष आजही आहेत. तिथल्या एका विहिरीच्या काठावर टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या आहे, म्हणून तिला तक्क्याची विहीर म्हणतात.

आयुष्याच्या शेवटी त्या पुन्हा पायथ्याच्या जमिनीवर आल्या. सिंदखेडसारखाच भिंत आणि पाणी असलेला वाडा. फरक एवढाच की माहेरचा वाडा बादशाही चाकरीवर उभा होता. पाचाडचा वाडा ज्या गडाच्या सावलीत होता, त्या गडाला कोणी धनी नव्हता.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. ज्यांचे वडील दरबारात दग्यानं मारले गेले, ज्यांचं माहेर आणि सासर दुसऱ्यांच्या चाकरीत एकमेकांशी भांडलं, त्या जिजाऊंनी आपल्या मुलाला स्वतःच्या सिंहासनावर बसलेलं पाहिलं. त्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, पाचाडला त्यांचं निधन झालं. वय ७६. त्यांची समाधी तिथंच आहे.

रायगड पाहायला जाणारे बरेच जण पाचाडवरून थेट पुढं निघून जातात. छोट्या रायगडाचंही तसंच होतं. जगदीश्वराचं देऊळ होतं, बाजारपेठ होते, टकमक टोक होतं, हिरकणी बुरूज होतो. माती संपते ती नेमकी पायथ्याला.

या दिवाळीला रायगड करणार असाल तर क्रम बदलून पाहा. डोंगराचं पोतं पसरायच्या आधी पुढच्या बाजूला वीतभर सपाट जागा आखून ठेवा. पुठ्ठ्याची चौकोनी भिंत, आत एक ठेंगणं घर आणि बाटलीच्या झाकणाची विहीर. भिंतीला गेरू आणि चुन्याचं पाणी पुरतं. जिजाऊंची मूर्ती विकत मिळाली नाही तर मातीची करा, हाताच्या अंगठ्याएवढी. तिचं तोंड गडाकडे ठेवा. सिंहासन वरच राहू द्या. ते कुठून दिसत होतं, ते पाहणाऱ्याला खालून कळेल.